गेनबांच्या गाडीत

शालनताई पहिल्यांदा गेनबांच्या गाडीत बसल्या, तेव्हा तात्याराव गॅलरीत उभे राहून चहा पीत होते. खाली इमारतीच्या दारासमोर पांढरी गोल्फ कार्ट येऊन थांबली. धोतर-टोपीतले गेनबा स्टिअरिंगमागून काहीतरी बोलले. शालनताईंनी एका हाताने पदर सावरला, दुसऱ्या हाताने टपाचा दांडा धरला आणि पाय आत घेतला. मग त्या हसल्या. वरपर्यंत शब्द आले नाहीत, पण हसू आलं. तात्यारावांचा चहा कपातच निवला.

त्यांची टाउनशिप खडकवासल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, टेकडीच्या उतारावर होती. मोटारी तळघरात लावायच्या आणि आतल्या रस्त्यांवर चालत फिरायचं किंवा बॅटरीच्या गाडीतून, असा तिथला नियम. तरुण असताना हा नियम छान वाटतो. शालनताईंचे गुडघे गेले होते. त्यांची इमारत सगळ्यात वर आणि वाचनालय खाली, मोठ्या गेटपाशी. कसब्यातल्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यापासून ते वाचनालय त्याच सांभाळत. रोज संध्याकाळी खाली जायचं आणि दिवेलागणीला वर यायचं. तात्याराव सोबत असत, पण त्यांची चाल साइटवर फिरणाऱ्या इंजिनिअरची. ते पुढे जात, वळणावर थांबत, घड्याळ बघत आणि शालनताई जवळ आल्या की पुन्हा चालू लागत.

गेनबांचं तसं नव्हतं. ते दारात गाडी आणत.

या टेकडीवर इमारती उभ्या राहण्याआधी हा सगळा उतार गेनबांचा होता. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात त्यांना फ्लॅट दिले आणि मागच्या कडेला एक तुकडा राखून दिला. तिथे ते वाल, वांगी, मेथी लावत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं शहरात. छातीचं दुखणं झाल्यावर डॉक्टरांनी चढ चढायला मनाई केली, म्हणून त्यांनी ही गाडी सरळ विकतच घेतली. कुणी वाटेत भेटलं की त्याला आत घेत.

तात्याराव जलसंपदा विभागातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी सरकारी क्वार्टर्समध्ये गेली आणि हा फ्लॅट त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतला. त्यांचे वडील दौंडकडच्या एका खेड्यातून पुण्यात आले होते. त्या खेड्यात गेनबांसारख्यांच्या दारात गेलं तर अंगणाबाहेर उभं राहावं लागे. गेनबा तसं कधी वागले नव्हते. भेटले की "रामराम साहेब" म्हणून हात जोडत. पण आपण जे कमावलं ते या माणसाला नुसतं मिळालं, हा विचार तात्यारावांच्या मनातून जात नसे. आणि आता त्यात हे.

"गुडघे कसे आहेत?" त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"बरे आहेत. आज चालावंच लागलं नाही."

"मी सोडलं असतं."

"तुम्ही सोडता म्हणजे पुढे चालता," शालनताई म्हणाल्या आणि पोळ्या करायला गेल्या.

गाडी रोज येऊ लागली. पाच वाजून गेले की तात्यारावांच्या कानांना तिचा बारीक गुणगुणता आवाज वळणावरून आधीच कळे. पेपर समोर असे, पण ते वाचत नसत. शालनताई केस नीट विंचरत. एक दिवस त्यांनी मोरपंखी साडी नेसली. ती आम्रपालीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, साखरपुड्याला घेतलेली होती.

"वाचनालयात आज कार्यक्रम आहे?" तात्यारावांनी विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही. सहज."

एकदा त्या येताना वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आल्या. गेनबांच्या तुकड्यातल्या. रात्री उसळ झाली. तात्यारावांनी वाटी बाजूला सरकवली आणि लोणच्याशी पोळी खाल्ली. त्यांना वाल फार आवडतात हे शालनताईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी वाटी आपल्या ताटात ओतून घेतली. तात्यारावांना ते जास्त लागलं.

आगीत तेल ओतायचं काम शेजारच्या कुसुमताईंनी केलं. लिफ्टमध्ये भेटल्या आणि म्हणाल्या, "वहिनींची मजा आहे हो. आम्हाला नाही असं कुणी दारात घ्यायला येत." लिफ्ट खाली पोचेपर्यंत तात्याराव दिव्यांच्या आकड्यांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, आपणही गोल्फ कार्ट घ्यायची. विकत. गेनबांच्या गाडीला दोन बाक आहेत, आपल्याला तीनवाली.

त्यांनी आम्रपालीला फोन केला. ती बाणेरला राहते, एका कंपनीत आहे आणि कामाच्या मधोमध वडिलांचे फोन घेते.

"पप्पा, विकत कशाला? रेंटवर मिळते. इव्हेंटवाले देतात, मंथली सुद्धा देतात. बॅटरी गेली, काही झालं, तर त्यांची डोकेदुखी."

"भाड्याची वस्तू ती भाड्याची. त्यात आपण पाहुणे."

"आईची सर्जरी झाली की तुम्हाला लागणारच नाही ती. नुसती पार्किंगमध्ये धूळ खाईल. ऑपरेशनचं काय ठरलं?"

"ते बघू," तात्याराव म्हणाले. गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की ते नेहमी हेच म्हणत. त्यांची बहीण एका साध्या ऑपरेशननंतर घरी परत आली नव्हती.

ते रिक्षाने मार्केट यार्डाजवळच्या एका शोरूमला गेले. तिथल्या माणसाने त्यांना गाडीत बसवून दाखवलं, गादी दाबून दाखवली, बॅटरीची हमी सांगितली. सगळं पसंत पडलं. मग तो म्हणाला की गाडी कारखान्यातून यायला दोन-अडीच महिने लागतील. तात्यारावांच्या डोळ्यांसमोर मोरपंखी साडी आली. अडीच महिने रोज संध्याकाळी तो आवाज वळणावरून येणार, आणि आपण गॅलरीत.

"भाड्याने कधी मिळेल?" त्यांनी विचारलं.

"ती उद्यासुद्धा मिळेल, काका."

तर अशी ती भाड्याची गाडी आली. सार्थक नावाचा तरुण ती टेंपोतून घेऊन आला. त्याने तात्यारावांना सगळं समजावलं. "सर, एकदम सिंपल आहे. हा स्विच पुढे केला की फॉरवर्ड, मागे केला की रिव्हर्स. रिव्हर्सला बीप वाजतो. उतरताना ब्रेक पूर्ण दाबायचा, लॉक होतो. बाकी टेन्शन नाही."

"हे काय आहे?" तात्यारावांनी बोट दाखवलं. गाडीच्या पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' लिहिलेलं होतं आणि गादीच्या फटीत झेंडूच्या पाकळ्या सुकून बसल्या होत्या.

"सॉरी सर, काल लग्नात होती. नवरदेवाची एन्ट्री. स्टिकर निघतो, पण पेंट जातो सोबत. राहू द्या ना, छान दिसतंय."

त्या संध्याकाळी पावणेपाचलाच तात्याराव गाडी घेऊन दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. शालनताई खाली आल्या, गाडीकडे पाहिलं, अक्षरं वाचली.

"हे काय?"

"गाडी. आपली. म्हणजे सध्या भाड्याची, पण आपलीच. बस."

"अहो, गेनबा येतील ना आता."

"त्यांना मी सांगितलंय की तुझी सोय झालीय."

शालनताईंनी एकदा वळणाकडे पाहिलं आणि मग त्या बसल्या. तात्याराव सरळ पाठीने, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून निघाले. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून, अगदी कडेने. वाटेत पाळणाघरातल्या बाई पिशवी घेऊन चालल्या होत्या, त्यांनी हात केला. तात्यारावांनी मान हलवली आणि गाडी पुढे नेली. पुढच्या वळणावर काठी टेकत जाणाऱ्या एक आजी थांबून बघू लागल्या. गाडी त्यांच्याही पुढून गेली.

"त्यांना घ्यायचं होतं," शालनताई म्हणाल्या.

"ही काय बस आहे?"

असे चार-सहा दिवस गेले. तात्याराव वेळेवर नेत, वेळेवर आणत. गेनबांची गाडी कधी समोरून आली तर ते हॉर्न वाजवत, गरज नसताना. गेनबा हात वर करत. शालनताई त्यांच्याकडे बघून हसत आणि गाडी पुढे गेली की ते हसू आत घेत. तात्यारावांनी एक-दोनदा बोलायचा प्रयत्न केला. धरणात पाणी किती आहे ते सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या.

मग एका संध्याकाळी परत येताना, चढाच्या आधी, त्या म्हणाल्या, "इथून मला द्या ना चालवायला."

"तुला? तुला कुठे येतं?"

"येतं."

"कसं येतं?"

"गेनबांनी शिकवलं. खालच्या मैदानाभोवती. महिना झाला असेल."

तात्यारावांनी गाडी थांबवली. ब्रेक पूर्ण दाबला. आतापर्यंत त्यांनी पुष्कळ कल्पना केल्या होत्या. दोघं काय बोलत असतील, कशावर हसत असतील. पण त्या माणसाने शेजारी बसून आपल्या बायकोला गाडी शिकवली असेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. तिचा हात स्टिअरिंगवर, तो सांगतोय, ती चुकतेय, दोघं हसताहेत. हे सगळं त्यांना एकदम दिसलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही काय म्हणाला असता?"

"मी शिकवलं असतं."

शालनताई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही? मला लूना घ्यायची होती तेव्हा काय म्हणालात? 'मी आहे ना सोडायला.' स्कूटी घ्यायची होती तेव्हा? तेच. मारुती घेतली तेव्हा मी चावी मागितली, तर म्हणालात पुण्याचं ट्रॅफिक तुझ्यासाठी नाही. आयुष्यभर तुमच्या मागे बसले, नाहीतर शेजारी बसले. आता या खेळण्यातल्या गाडीची तरी चावी द्या."

"ही भाड्याची आहे. काही झालं तर जबाबदारी माझी."

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या आणि उतरल्या. उरलेला चढ कठड्याला धरून चालत गेल्या. तात्याराव त्यांच्या मागून, माणसाच्या चालीने गाडी चालवत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्या मागे होते. खिडक्यांतून लोक बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेनबांच्या तुकड्यावर गेले. गाडी मागे घेऊन बांधाला लावली आणि वाफ्यांमधून तरातरा आत गेले. गेनबा वांग्यांना पाणी देत होते. त्यांची स्वतःची गाडी शेडमध्ये चार्जिंगला लावलेली, बाक वर करून ठेवलेला.

"रामराम साहेब. या, या."

"तुम्ही माझ्या बायकोला गाडी शिकवलीत."

"व्हय. हात चांगला हाय बाईंचा."

"मला विचारायचं नाही?"

गेनबांनी पाइप खाली ठेवला. त्यांना खरंच कळलं नसावं. "तुमाला? गाडी माझी, शिकायचं होतं त्यांना. यात तुमाला काय इचारायचं?"

तात्यारावांच्या तोंडून इतके दिवस साचलेलं दुसरंच बाहेर आलं. "रोज बोलता काय एवढं तुम्ही?"

"आता काय सांगू? त्यांच्या शाळेचं. कसब्यातल्या पोरींचं. भोरचं."

"भोरचं काय?"

"ते नाय का, त्यांच्या संस्थेनं भोरला नवी शाळा काढली, आन बाईंना हेडमास्तर म्हणून बोलावलं व्हतं. लई जीव व्हता त्यांचा त्या शाळंवर. जाऊन बघून बी आल्या व्हत्या, पर नोकरी काय घेतली नाय. तुमाला म्हाईतच आसंल."

तात्यारावांना माहीत नव्हतं. भोर हा शब्दच त्यांच्या घरात कधी आला नव्हता. पुन्हा विचारताना त्यांचा आवाज खाली गेला. "आणि माझं? माझ्याबद्दल काय बोलते?"

गेनबांनी विचार केला. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "तुमचं नाव निघत नाय कधी, साहेब," ते म्हणाले.

शिव्या दिल्या असत्या तर तात्यारावांना सोपं गेलं असतं. ते वळले, वाफा तुडवत गाडीत येऊन बसले आणि पाय दाबला. स्विच मागेच राहिला होता. बीप वाजला, पण तो त्यांना ऐकू आला नाही. गाडी सपाट्याने मागे गेली, बांधावरून उतरली आणि पाटात तिरकी झाली. तात्याराव बाहेर फेकले गेले आणि उजव्या हातावर पडले.

मनगट वाकडं दिसत होतं. गेनबा धावत आले, त्यांना उठवून बांधावर बसवलं, पाणी दिलं आणि फोन लावला. "बाई, साहेब पडलं. नाय, नाय, शुद्धीवर हायती. हात मोडलाय बहुतेक." मग वॉचमन आणि माळीकाम करणारे दोघं आले आणि त्यांनी ती शुभविवाहाची गाडी ढकलून बाहेर काढली. मागचा बंपर चेपला होता, बाकी काही नव्हतं.

शालनताई वरून चालत आल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी कुंपणाजवळचा कच्चा रस्ता त्या कशा उतरल्या, ते त्यांनाच ठाऊक. पायात घरातल्या सपाता होत्या. त्यांनी तात्यारावांचा हात पाहिला, आपली गाउनवरची ओढणी त्यांच्या गळ्यात बांधून त्यात तो ठेवला. "गेटपर्यंत नेऊ, तिथून रिक्षा," त्या म्हणाल्या.

गेनबा त्याच गाडीच्या स्टिअरिंगकडे निघाले होते. "बसा बाई मागं, मी घेतो."

"गेनबा, सरका. मी नेते."

गेनबा बाजूला झाले.

शालनताईंनी तात्यारावांना शेजारी बसवलं, स्विच बघितला, पुढे केला आणि गाडी काढली. खड्ड्यांवरून सावकाश, डांबरी आली तशी जरा वेगाने. मनगटातून कळा येत होत्या, तरी तात्याराव तिच्या हातांकडे बघत होते. ते सैल होते. त्यांचे स्वतःचे हात स्टिअरिंगवर कधी सैल नसत. उतारावर वाटेत लोक भेटत गेले. "काय झालं बाई?" "बाई, येऊ का सोबत?" एकाने धावत पुढे जाऊन गेटपाशी रिक्षा थांबवली. प्रत्येकाला ती नावाने उत्तर देत होती. या वाटेवर इतकी वर्षं पुढे पुढे चालताना तात्यारावांना यातल्या एकाचंही नाव माहीत झालं नव्हतं.

दवाखान्यात प्लास्टर घातलं. दीड महिना हात हलवायचा नाही.

सार्थक गाडी बघायला आला. बंपर बघून म्हणाला, "इन्शुरन्समध्ये आहे, काकू. परत नेऊ का? सरांना तर आता चालवता येणार नाही."

"राहू दे," शालनताई म्हणाल्या. "मी चालवणार आहे."

तात्याराव आतून म्हणाले, "शालन, मी काय म्हणतो, विकतच घेऊन टाकू. आपली राहील."

"आपली म्हणजे तुमची," त्या तिथूनच म्हणाल्या. "भाडं माझ्या पेन्शनमधून जाईल. आणि गाडी माझे गुडघे नीट होईपर्यंतच. डॉक्टरांकडे नाव नोंदवलंय मी, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. आम्रपाली येणार आहे राहायला. त्यानंतर मला चालायचंय. कायमची गाडी दारात असली तर मी कायमची बसून राहीन."

"मला न विचारता?"

"विचारलं की तुम्ही 'बघू' म्हणता."

बहिणीची आठवण तात्यारावांच्या चेहऱ्यावर दिसली असावी, कारण शालनताई आत आल्या आणि त्यांच्या प्लास्टरवर हात ठेवून थोडा वेळ बसल्या. "भीती मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "पण मला चालायचंय."

दुसऱ्या दिवसापासून त्या गाडी चालवू लागल्या आणि तात्याराव शेजारी बसू लागले. गाडी आता चार ठिकाणी थांबे. पाळणाघरातल्या बाई चढत, काठीवाल्या आजी चढत. तात्यारावांना सरकून बसावं लागे.

एका संध्याकाळी गेनबा रस्त्याच्या कडेला उभे दिसले. त्यांच्या गाडीची बॅटरी बसली होती आणि नवी यायला वेळ होता. शालनताईंनी गाडी थांबवली. "या गेनबा. आज तुम्ही पाहुणे."

गेनबा मागच्या बाकावर बसले. "साहेब, तुमी भाड्यानं घेतली हे बेस केलं. माझी बॅटरी गेली तर माझ्याच गळ्यात."

तात्यारावांनी मान डोलावली. किती दिवसांपासून ओठांवर असलेला प्रश्न, मागे तो माणूस बसलेला असताना विचारावा की नाही, याचा ते विचार करत होते. शेवटी त्यांनी विचारलं, कारण एकांतात त्यांना ते जमलं नव्हतं.

"शालन, भोरची ती शाळा कशी होती?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग समोर रस्त्याकडे. गाडीचा वेग जरा कमी झाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

मागच्या बाकावर गेनबा दुसरीकडे बघू लागले.

"कुणीही सांगू दे. तू सांगितलं नाहीस. आता सांग."

"काय सांगायचं," त्या म्हणाल्या. पण सांगू लागल्या. नव्या इमारतीला अजून रंग नव्हता. नदीकडून वारा यायचा. दोनच वर्ग भरत होते, मुली लांबून चालत यायच्या. व्हरांड्यात उभं राहिलं की समोर पटांगण आणि पटांगणाच्या टोकाला एक मोठं वडाचं झाड. तिथे बसून त्यांनी डबा खाल्ला होता आणि संध्याकाळच्या एसटीने परत येऊन स्वयंपाक केला होता.

"चिंचेचं," गेनबा मागून हळूच म्हणाले. "बाई, तवा तुमी चिंचेचं म्हणला व्हता."

"अगंबाई, हो. चिंचेचंच," शालनताई म्हणाल्या आणि हसल्या.

तात्यारावांना ते हसू पुन्हा लागलं, अगदी पहिल्या दिवसाइतकं ताजं. ते समोर बघत म्हणाले, "मग? डबा खाल्लास, पुढे काय झालं?"